गोठ्याकडची भिंत

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

'निवांत' ज्येष्ठ निवासात दाखल झालो. दाखल हा शब्द चुकला, तो इथल्या लोकांसाठी. मी मुक्कामाला आलो आहे. तीन महिने फक्त. शाहूपुरीतल्या घराची रिपेअरी निघाली आहे, धूळ फार होणार, म्हणून राजशेखरच म्हणाला, अण्णा, तेवढे दिवस तिकडं राहा, इमारत नवीन आहे, तुम्हाला बघायलाही मिळेल. पोराला बापाची किंमत आहे. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ हेड ड्राफ्ट्समन म्हणून. असा माणूस इमारत नुसती बघत बसणार नाही.

संकल्प: संपूर्ण इमारतीची तपासणी करून ट्रस्टला रिपोर्ट द्यायचा. मानद.

जिन्यावरून पडल्याचा आणि इथं येण्याचा काही संबंध नाही. मी पडलो नाही. पायरीचा चढ साडेसात इंच होता, माझा पाय सहा इंचाच्या अंदाजानं उचलला गेला. जिन्याचं डिझाइन माझंच, १९६१ सालचं. तेव्हा सगळ्यांचे गुडघे चांगले होते.

खोली ऑफिसशेजारची घेतली, पाहुण्यांची. व्यवस्थापिका प्रमोदिनीबाईंना मुद्दाम सांगितलं की राहणाऱ्यांच्या रांगेतली नको. त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या. समजूतदार बाई.

९ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

तपासणी सुरू. साधनं: टेप, स्पिरिट लेव्हल, वही, काठी. काठी मापं घ्यायला.

बैठी इमारत. चौदा खोल्या, मधे लांब व्हरांडा, मागं अंगण. संडासात धरायला दांडे, कुठं पायरी नाही, उंबरे नाहीत. ठीक आहे, पण शिस्त नाही. ज्यानं त्यानं आपापल्या दारावर वाट्टेल ते लटकवलं आहे. आकारामच्या दारावर एसटीची जुनी पाटी, 'कोल्हापूर – चंदगड'. हा मूळचा मुरगूडचा, एकवीस वर्षं त्या गाडीवर ड्रायव्हर होता. खोली चारमधल्या झुंबरबाईच्या दारावर म्हशीच्या गळ्यातली घंटा. एकानं तर पंचांगाचं पान चिकटवलंय. सरकारी इमारतीत असलं काही मी चालू दिलं नसतं.

सायंकाळी ५.३०

सर्वांत मोठा दोष मागच्या अंगणात सापडला. कंपाउंडची भिंत जेमतेम तीन फूट, आणि तिच्या पलीकडं कृष्णात नावाच्या गवळ्याचा गोठा. अकरा म्हशी. वास, माश्या, रेकणं. आणि पाच वाजले की इथली सगळी मंडळी हातात पेले घेऊन भिंतीला टेकून उभी. कृष्णात म्हशीच्या सडाखाली पेला धरून थेट धार काढून देतो. फेसासकट, न तापवता. मलाही म्हणाला, पावणं, पेला आणा की. मी तपासणीवर असल्यामुळं नकार दिला.

झुंबरबाईचे दोन्ही गुडघे गेलेत, पण ती खोलीपासून भिंतीपर्यंत चालत येते आणि प्रत्येक म्हशीला नावानं हाक मारते. तिनं चाळीस वर्षं म्हशी राखल्या. इथं येऊनही सुटका नाही बिचारीची.

२१ नोव्हेंबर, शनिवार

रिपोर्ट सादर. एकोणीस पानं, तीन नकाशे. मुख्य शिफारशी अशा की सर्व दारं एका रंगाची करावीत. मागची भिंत सात फूट करावी. अंगणात ध्यान-उद्यान करावं, म्हणजे वृद्धांना शांती मिळेल. गोठ्याकडच्या सहा खोल्या मनुष्यवस्तीस प्रतिकूल आहेत, अशीही नोंद केली.

एका ट्रस्टींच्या साइटवर विटा आणि पिस्ता रंग उरला होता. शिफारशी तत्काळ मंजूर. गुणाची कदर झाली की बरं वाटतं.

प्रमोदिनीबाई म्हणाल्या, साहेब, एकदा राहणाऱ्यांना विचारूया का? मी म्हणालो, ड्रॉइंग त्यांना कळणार नाही.

राजशेखर येणार होता. आला नाही. घरात स्लॅबचं काम असणार.

२८ नोव्हेंबर, शनिवार

दारं झाली. चौदाच्या चौदा, शिवाय माझं. सगळी पिस्ता. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहिलं की एकसारखी ओळ दिसते. डोळे निवले. पाटी, घंटा वगैरे सामान पोत्यात घालून स्टोअरमध्ये ठेवायला लावलं. आकाराम पाटी देईना. म्हणाला, इंजिनेर साहेब, ही काढली तर माझी गाडी कुठली म्हनून कळनार? त्याला समजावलं की इथं गाडी नाही. तेव्हा त्यानं ती स्वतःच पोत्यात ठेवली.

१ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४

जेवणानंतर पडलो होतो. जाग आली तेव्हा पायाशी झुंबरबाई तांदूळ निवडत बसलेली. विचारलं, माझ्या खोलीत काय काम आहे? ती म्हणाली, पावणं, खोली माझी हाय. पर गाढ झोपला हुता, म्हनून हाक मारली न्हाय.

खोली चारची अचानक तपासणी केली, असं वहीत नोंदवलं आहे. गादी बरी आहे.

सध्या हा प्रकार सगळीकडंच चालू आहे. काल आकाराम दोनदा दुसऱ्याच खोलीत जाऊन आंघोळ करून आला. बदल अंगवळणी पडायला वेळ लागतोच. माझं दार ऑफिसशेजारी असल्यामुळं मला अडचण नाही. आजचा अपवाद.

७ डिसेंबर, सोमवार

भिंत पूर्ण. सात फूट, वर सिमेंटची गोल कड. गोठा गायब. म्हशी जागेवरच आहेत, पण दिसत नाहीत, म्हणजे डिझाइनच्या दृष्टीनं नाहीत.

ध्यान-उद्यानही झालं. सिमेंटची सहा आसनं, एकमेकांपासून बारा फुटांवर, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. कुणाचा कुणाला व्यत्यय नको, हे तत्त्व. प्रमोदिनीबाईंनी नारळ फोडला. मी दोन शब्द बोललो. बावीस मिनिटं झाली.

९ डिसेंबर, बुधवार. सायंकाळी ५.१५

उद्यानाची पाहणी. अपेक्षेपेक्षा आवाज जास्त. कारण: इथल्या निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं, त्यात बारा फुटांचं अंतर. आकाराम पहिल्या आसनावरून पाचव्या आसनावर विचारत होता, पोट साफ झालं का. उत्तर व्हरांड्यातल्या स्वयंपाकिणीनं दिलं. रस्त्यावरचे दोघे थांबून बघायला लागले.

सूचनाफलक लावला: 'शांतता राखा'. आकारामनं मोठ्यानं वाचून दाखवला.

१६ डिसेंबर, बुधवार

ध्यान-उद्यानात आता पूर्ण शांतता आहे. तिथं कुणी येत नाही. उद्दिष्ट साध्य.

दर बुधवारी डॉक्टर येतात. आज त्यांना बराच वेळ लागला. आकारामच्या पायांवर सूज, कारण तो चालतच नाही. पूर्वी सकाळ-संध्याकाळ भिंतीपर्यंत जायचा. ताटं अर्धी परत जातात. झुंबरबाई चार दिवस अंथरुणातून उठलेली नाही. डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठं दुखतंय? ती म्हणाली, कुटं न्हाय. मग उठत का नाही? ती म्हणाली, उठून काय बगू? भिताड? भिताड हितनं बी दिसतंय की.

डॉक्टरांनी प्रमोदिनीबाईंना विचारलं, अलीकडं काही बदललं का? बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळ बघितलं.

थंडी वाढली आहे. या दिवसांत म्हातारी माणसं गळाठतातच.

२० डिसेंबर, रविवार

राजशेखर आला नाही. ऑफिसातल्या फोनवरून घरी लावला. सूनबाई सौंदर्यानं उचलला. म्हणाली, अण्णा, फरशीवाले आलेत, नंतर करते. नंतर आला नाही. फरशीवाले म्हणजे काम शेवटच्या टप्प्यात आलं. ८ फेब्रुवारी नक्की.

माझ्या खोलीबद्दल राजशेखरला चार पानी पत्र टाकलं. रस्त्याकडच्या खिडकीची खालची कड सव्वादोन फुटांवर घे, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या शाहूपुरीतली गर्दी दिसेल. टेम्पो, हमाल, भांडणं. माणसाला पडून राहिल्यावर समोर काहीतरी हलतं लागतं, नाहीतर जीव उबगतो. ही गोष्ट नवीन आर्किटेक्ट लोकांना कळत नाही, म्हणून अधोरेखित केली.

२६ डिसेंबर, शनिवार

भिंतीपाशी प्लास्टिकचे दोन स्टूल सापडले, एकावर एक ठेवलेले. शेजारी आकाराम, चेहरा निरागस. विचारलं तर म्हणाला, आकाश बघाय आलतो. स्टूल जप्त करून माझ्या खोलीत ठेवले. उद्या कुणी पडलं तर नाव माझ्या डिझाइनवर.

२९ डिसेंबर, मंगळवार. रात्री ९

आजची नोंद नीट लिहून ठेवतो, कारण लोक काहीही सांगतील.

साडेचार वाजता भिंतीच्या वरच्या कडेची लेव्हल तपासायला गेलो. त्यासाठी उंचीवर जाणं भाग होतं. जप्त केलेले स्टूल हाताशी होते. वर चढलो, लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. काम संपलं. नजर सहज पलीकडं गेली.

एक म्हैस वीत होती. कृष्णात बाह्या सारून खाली बसलेला. मी तांत्रिक माणूस आहे, अर्धवट काम सोडून निघणं मला जमत नाही. थांबलो. पुढचे पाय आले, मग डोकं, मग सगळं एकदम. ओलं, काळं, थरथरणारं. ते उठायला बघत होतं आणि चारही पाय चार दिशांना पसरत होते. माझ्या तोंडून उठ, उठ असं निघालं असावं, कारण खालून आवाज आला, कोन उठालंय?

खाली आकाराम. मी सांगितलं, म्हैस व्याली. तो व्हरांड्याकडं तोंड करून ओरडला. पाच मिनिटांत सगळे जमले. सगळ्यांत शेवटी झुंबरबाई, भिंतीला धरत धरत, केस मोकळे, पायात चपला नाहीत. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा अंगणात. मला खालून म्हणाली, साहेब, कंची व्याली? कपाळावर चांद हाय का? आहे म्हणालो. मग तिचे प्रश्न संपेनात. रेडी का रेडा? वार पडली का? म्हस चाटालीय न्हवं? मी वरून बघायचं आणि सांगायचं, तिनं खालून कृष्णातला हुकूम सोडायचे, असं तासभर चाललं. रेडी झाली म्हटल्यावर ती माझी काठी हातात धरून रडली आणि हसली.

त्यानंतर उतरायचं होतं. गुडघे वळेनात. आकारामनं माझे पाय धरले, झुंबरबाईनं स्टूल, आणि पलीकडून कृष्णात गव्हाणीवर चढून, भिंतीवर वाकून माझी बगल धरून म्हणाला, पावणं, घाबरू नगासा, म्हशीला सोडवली, तुमास्नी बी सोडवतो.

उतरल्यावर त्यानं वरूनच पेला दिला. त्या म्हशीचं नव्हे, शेजारणीचं दूध. नमुना तपासला. दोन पेले.

रात्रीच्या जेवणाची ताटं मोकळी परत गेली, असं स्वयंपाकीण सांगत होती.

३ जानेवारी १९९९, रविवार

ट्रस्टला पुरवणी रिपोर्ट दिला: फेज दोन. हवा खेळती राहण्यासाठी भिंतीत दोन फूट बाय दोन फूट झरोका. हवेसाठी. दारांबाबतही सुधारणा सुचवली की दारं पिस्ताच राहावीत, मात्र ओळख म्हणून प्रत्येकानं एक वस्तू लावावी. पोतं स्टोअरमधून काढलं. आकारामनं पाटी पुसून लावली आणि दारात उभा राहून घंटी मारल्यासारखं दोनदा तोंडानं टिंग टिंग केलं.

१० जानेवारी, रविवार

झरोक्यावर रांग. आकारामनं वीस मिनिटं तोंड आत घालून ठेवलं म्हणून झुंबरबाईनं त्याला मागून चिमटा काढला. तक्रार माझ्याकडं. झरोका चार बाय तीन करायला सांगितला. राजशेखर आला नाही, पण पत्र पोचलं असणार.

१७ जानेवारी, रविवार

झरोका वाढवता वाढवता वरचा भाग हलायला लागला. धोका नको म्हणून सगळी भिंत वरून उतरवली: फेज तीन. पूर्वी ती तीन फूट होती, मी दोन फूट दहा इंच ठेवली. खुर्चीत बसणाऱ्यांची नजर लक्षात घेऊन. म्हणजे हे डिझाइन माझंच.

सिमेंटची आसनं उचलून भिंतीपाशी चिकटून मांडली. बुधवारी डॉक्टर म्हणाले, आकारामची सूज उतरली. मी नम्रपणे मान झुकवली. झुंबरबाईनं रेडीचं नाव 'इंजिनेर' ठेवलंय. रेडीला हे नाव शोभत नाही, असं मी म्हणून बघितलं. कुणी ऐकलं नाही.

२४ जानेवारी, रविवार. सकाळी ११

राजशेखर आला. सोबत केळी, बिस्किटं आणि नकाशाची गुंडाळी. म्हणाला, अण्णा, महानगरपालिकेत द्यायचाय. घर तुमच्या नावावर आहे, मालक म्हणून सही लागते. आणि तुम्ही एकदा बघितलात तर बरं.

म्हणजे अजून परवानगीच नाही. फरशीवाले कुठले आले होते, ते विचारलं नाही. 'तुम्ही एकदा बघितलात तर बरं' हे ऐकून बाकीचं विसरलो.

ऑफिसातल्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार केळी. हात स्वच्छ आहे काढणाऱ्याचा. भिंतींची जाडी बरोबर. जिना मात्र पुन्हा साडेसात इंचांचा, त्याच जागी. त्यावर लाल पेन्सिलीनं खूण केली. मग माझी खोली शोधली. रस्त्याकडची खिडकी आहे, सव्वादोन फुटांवर आहे, पत्र वाचलं होतं त्यानं. खोलीत लिहिलंय 'कॉम्प्युटर क्लास'. सौंदर्यानं कोर्स केलाय, आठ मशीन बसवणार, शाहूपुरीत चालेल, असं राजशेखर सांगत होता. मी मान हलवत होतो.

म्हटलं, वरच्या मजल्यावर असेल माझी. वरचा मजला बघितला. छत्तीस वर्षं हे काम केलंय. नकाशात माणूस काढत नाहीत, पलंग काढतात. घरात जितकी माणसं राहायची, तितके पलंग. पलंग मोजले. एक मोठा, दोघांचा. दोन लहान, नातवंडांचे. पुन्हा मोजले. गच्ची बघितली. जिन्याखालची जागासुद्धा बघितली, तिथं पाण्याची मोटर आहे.

बांधकाम खात्यात माझ्यापासून नकाशात काही लपवणं कुणाला जमलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं की नकाशा वाचता आला नसता तर बरं झालं असतं.

राजशेखर फरशीकडं बघत म्हणाला, अण्णा, जिना तुम्हाला झेपणार नाही, आणि खाली संडासाला जागा निघेना. डॉक्टरही म्हणाले. तुम्ही इथं रमलाय, असं प्रमोदिनीबाई फोनवर सांगत होत्या. त्याचे डोळे भरले होते. वाईट मुलगा नाही तो. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

मी म्हणालो, पायरीचा चढ सहा इंच कर, चार पायऱ्या वाढतील. तुझेही गुडघे कायमचे नाहीत. आणि क्लासच्या खिडकीला पडदा लावू नको, पोरांना बाहेरचं दिसू दे. मग सही केली. पूर्ण नाव, शिवशरण बसाप्पा मगदूम, खाली 'मालक'.

तो गेल्यावर केळी वाटली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा दिवस काही लिहिलं नाही. पाच वाजता भिंतीपाशी जातो, येतो. झुंबरबाईनं विचारलं, साहेब, सोमवारी तीन म्हयनं भरत्यात, जानार न्हवं? मी म्हणालो, रिपोर्ट अजून बाकी आहे. ती म्हणाली, व्हय व्हय, सावकाश लिवा.

८ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०

प्रमोदिनीबाईंकडं गेलो. म्हणालो, पाहुण्यांची खोली किती दिवस अडवायची, मला रांगेतली द्या. गोठ्याकडची असेल तर बरं.

बाईंनी कपाटातून यादी काढली. म्हणाल्या, साहेब, भिंत उतरल्यापासून सगळ्यांना त्याच बाजूच्या हव्यात. पाच जण आधीच थांबलेत. शिवाय त्या खोल्या मनुष्यवस्तीस प्रतिकूल आहेत, असं ट्रस्टच्या कागदावर आहे, ते आधी रद्द करून घ्यावं लागेल. हे बोलताना त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, म्हणजे त्यांनी ते बऱ्याच प्रयत्नानं आवरलं असणार.

जुनी शिफारस मागं घेत असल्याचं पत्र तिथंच बसून लिहिलं. मग त्यांनी छापील अर्ज पुढं केला. नाव, वय, आजार सरळ भरले. आजाराच्या रकान्यात पहिल्यांदा 'गुडघे' असं लिहिलं. शेवटी विचारलं होतं, खोली कशासाठी हवी. 'तपासणीसाठी' लिहिलं. थोडा वेळ बघितलं. खोडलं आणि 'राहायला' लिहिलं.

नंबर सहावा.